आईच्या खांद्याचा कागद

पुलगावच्या फलाटावर मला पोहोचवायला सारं गाव आलं होतं. म्हणजे सातच जण होते, पण रडण्याचा आवाज साऱ्या गावाचा होता. लोकांच्या लेकी सासरी जाताना लाडू-चिवडा नेतात. माझ्या आईनं माझ्या मांडीवर खाकी कागदांची गुंडाळी ठेवली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. "कमे, ट्रंकेवर खुशाल बस, याच्यावर बसू नको." गाडी हलली तेव्हा सगळे माझ्याकडे बघून हात हलवत होते आणि आई त्या गुंडाळीकडे बघत होती.

गुंडाळीत आमचं अख्खं घर होतं. आई रेल्वेवाल्यांच्या घरचं शिवण करायची आणि घरातल्या प्रत्येकाच्या मापाचा कागद कापून खुंटीला टांगायची. बाबांचा सदरा, धाकट्या सुशीचा परकर, माझी पोलकी. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्यांची बंडी खुंटीवर होतीच. कागदावर नाव नसायचं, आईला लिहिता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला की तिला माणूस कळायचा. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, सुईत दोरा जात नव्हता. "आता तूच शिवून पाठवत जाय आमाले," म्हणाली.

चोळीचा कागद अर्धाच असतो. कापड दुमडायचं, वर कागद ठेवून कापायचं, म्हणजे उजवं-डावं आपोआप सारखं येतं. आईचा स्वतःचा कागद तेवढा अख्खा होता. लहानपणी ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती आणि डावा खांदा जो उतरला तो दोन बोटं खालीच राहिला. कागदाच्या त्या बाजूला तिनं लाल दोऱ्याची गाठ मारली होती. गाठ दिसते ती बाजू वर ठेवायची, नाहीतर सगळं उलटं. आणि एक ताकीद, जी मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले: "अस्सल कागदाले कात्री लावू नको. पहिले दुसऱ्या कागदावर उतरवून घे, मंग तुले काय करायचं ते कर."

भिलाई तेव्हा गाव नव्हतं नि शहरही नव्हतं. भट्ट्या उभ्या राहत होत्या, चिमण्या चढत होत्या, आणि लाल धूळ एवढी, की संध्याकाळी दारात आलेल्या माणसाला आधी धुवायचं आणि मग हा आपलाच नवरा का ते बघायचं. दोनदा मी शेजारचे धुतले. आमचे हे कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क. त्यांना ही गोष्ट आजही मान्य नाही.

क्वार्टरच्या एका बाजूला पंजाबी, एका बाजूला तेलुगू, समोर बंगाली. पुलगावात मला एकच भाषा येत होती, इथे हिंदी धरून चार भाषांत 'ढीला' आणि 'टाइट' शिकले, तेवढ्यावर संसार चालला. मशीन घेतली आणि आईच्या कागदांना कामाला लावलं. हे खोक्यांतला तेलकट पॅकिंग कागद आणायचे, त्यावर मी कागद उतरवून घ्यायची. मग तो मधोमध चिरायचा, फाकवायचा, फटीत कणकेच्या खळीनं पट्टी चिकटवायची. सुशीच्या परकरातून पंजाबी पोरीचा कळ्यांचा घागरा निघाला. बाबांच्या सदऱ्यातून बंगाली बाबूंचा कुर्ता. आजोबांच्या बंडीतून तेलुगू बाळाचं अंगडं काढलं, तेव्हा मात्र मशीन जरा हळू चालवली. गोष्टींनाही पट्ट्या जोडायची मला खोड आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. इथून पुढचं मात्र मापाचं आहे.

कारखाना उभारायला आलेल्या रशियनांच्या वसाहतीतली इरिना मॅडम आली ती फ्रॉकचं कापड घेऊन. पावर हाउस नावाच्या वस्तीच्या बाजारातले तीन टेलर हरले होते. कोणताही फ्रॉक घातला तरी गळा एका बाजूला ओढला जायचा. टेप लावला आणि मी ओळखलं. उजवा खांदा दोन बोटं खाली होता. "वार," ती म्हणाली, म्हणजे लढाई, आणि हातानं वरून काहीतरी कोसळल्याचं दाखवलं. असला खांदा भिलाईत फक्त मलाच शिवता येत होता, कारण माझ्याकडे आईचा कागद होता. खांदा दुसरा होता म्हणून कागद उलटा करायचा आणि बाई धिप्पाड म्हणून वाढवायचा, एवढंच.

उतरवून घ्यायला एवढा मोठा कागद त्या दिवशी घरात नव्हता. हे दोन दिवसांत आणणार होते. मी थांबले नाही. घाई मॅडमला नव्हती. हौस माझी होती. आईचा अस्सल कागद पालथा घातला, खांद्यापासून खालपर्यंत चिरला आणि पट्ट्या चिकटवल्या.

फ्रॉक असा बसला की मॅडम आरशासमोर रडली. मग तिनं मला उचललं. खरंच उचललं, शेजारीण साक्षीला आहे. माझं नाव मॉस्कोपर्यंत गेल्याचं मी पुलगावला कळवलं. सुशीच्या हातचं उत्तर आलं. त्यात आईची एकच ओळ होती: "अस्सल कागद जपून हाय ना?"

मी लिहिलं, "हो."

पुढच्या वर्षी सुशीचं लग्न ठरलं. आईनं लिहवून घेतलं, "सुशीच्या लग्नात मी तुयाच हातची चोळी घालीन. दुसऱ्या कोणाची अंगाला लावणार नाही." मी फरशीवर कागद मांडला. पाणी लावून पट्ट्या सोडवल्या, चिरा सांधल्या, वाळवलं. लाल गाठ बघायला गेले तर गाठ नव्हती. भिजलेल्या खळीबरोबर कधी निघून गेली, कळलं नाही. कोणती बाजू वर? मॅडमचा खांदा आईच्या उलटा होता एवढं आठवत होतं, उजवा की डावा ते नाही. मी डोळे मिटून आईला समोर उभी केली. फलाटावरची आई, मशीनवरची, चुलीपुढची. कितीदा उभी केली, तरी तिचे दोन्ही खांदे सारखेच दिसायचे. चार वर्षांत मी तिला सरळ करून टाकलं होतं.

पत्रानं विचारता आलं असतं. पण मग ते "हो" खोटं होतं हे सांगावं लागलं असतं. पट्ट्या मी नेहमी वरच्याच बाजूला चिकटवायची, म्हणून चिकटवल्याचे डाग होते ती बाजू वर धरली आणि गर्द निळं साटीन कापलं. गाठीची चोळी, पुढे बांधायची, आईला लागायची तशी.

लग्न वैशाखातलं. मांडवाखाली माणसं उकडत होती आणि आई दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून बसली होती. मी म्हटलं, "आई, पदर काढ ना वो, गरम नाही होऊन राहिलं का तुले?"

"लेकीचं लग्न हाय, मले थंडी वाजून राहिली."

"चोळी तर पाहू दे मले."

"मस्त बसली," ती म्हणाली आणि माझा हात बाजूला केला. "जाय, पाहुण्याईले सरबत दे."

मी गेले. मला कळलं नव्हतं असं म्हणवत नाही. मी सरबत जरा जास्तच वेळ वाटलं.

त्याच हिवाळ्यात तार आली. दुर्गला गाडीत बसून पुलगावला पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं. खुंट्या रिकाम्या होत्या. गावातच दिलेल्या सुशीनं आईच्या कपड्यांतून ती चोळी काढून माझ्यापुढे ठेवली. "रोज हेच घालायची वो ताई. आणि तेही उलटं. म्या म्हटलं, आई, चमक आत गेली तुई. तर म्हणे, राहू दे, कमीची शिलाई टोचते, उलटंच बरं बसते."

मी चोळी उजेडात धरली. आतली बाजू उन्हानं राखेसारखी फिकट झाली होती. चमकीची बाजू दुकानातून आणली तशी निळी. कपडा उलटा केला की उजवा खांदा डावीकडे जातो. आईला दिसत नव्हतं, तरी पहिल्यांदा हात घालतानाच तिला कळलं असणार: चूक, आणि "हो" सुद्धा. लग्नातल्या माणसांपुढे तिनं ती माझ्यासाठी सुलटी घातली, आणि घरात स्वतःसाठी उलटी.

आता आम्ही दुर्गला मोहन नगरात राहतो. नातवंडं आपसांत हिंदी बोलतात, मराठी माझ्यापुरती ठेवतात. तुम्ही पुलगावकर विचारता, परत कधी येतेस? आणि माझ्यासारखे इकडे आलेले विचारतात, तुझं घर कोणतं? मशीनवर वाकून माझाही एक खांदा उतरलाय. कोणता, ते इथे कोणाला ठाऊक नाही, आणि मी सांगितलेलंही नाही. ते न सांगता ज्या घरात ठाऊक असायचं, ते घर होतं. तिथल्या बाईचा खांदा ओळखायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मला आठवला नाही.

चोळी ट्रंकेत आहे. दर दिवाळीला उन्हात घालते आणि घडी करून परत ठेवते. सुलटी करत नाही.