थांबणारा रेडिओ

कळंबच्या बाजूला एका अध्यापक विद्यालयात कल्याणप्पा गुरुजी शिकाऊ शिक्षकांना वर्गात रेडिओ कसा वापरावा हे शिकवीत. साल अठ्ठावन्न. रेडिओ होता, बॅटरी नव्हती. ती सोलापूरहून यायची होती आणि चार वर्षं येतच होती.

म्हणून काही अडलं नाही. रेडिओच्या मागं चादर टांगलेली, चादरीला भोक आणि भोकाला कल्याणप्पांचा डोळा. समोर सरावशाळेची पोरं बसत. शिकाऊ शिक्षकानं बटण उजवीकडं फिरवलं की खणखणीत आवाज येई, डावीकडं फिरवलं की बसे. कार्यक्रमाची छापील पुस्तिका टपालानं येई, तीच ते वाचत. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत, चुकलं तर पुन्हा विचारत. ठसका लागला तर हवामान खराब आहे असं धरायचं, हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

एक दिवस तपासनीस साहेब जीपमधून आले आणि येताना बॅटरीच घेऊन आले. बिंग फुटलं तर कल्याणप्पांची ही नेमणूक जाणार आणि परंडा तालुक्यातली जुनी एकशिक्षकी शाळा पुन्हा नशिबी येणार. तिथं त्यांनी अकरा वर्षं काढली होती. चादर काढून, घडी घालून ते गुपचूप साहेबांशेजारी बसले.

पाठ सारजाबाई नावाच्या शिकाऊ बाईंचा होता. त्यांनी बटण फिरवलं आणि रेडिओ खरोखरच बोलला. "मुलांनो, दक्षिणगंगा कोणत्या नदीला म्हणतात?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. सबंध वर्षात ती पहिल्यांदाच उठली होती. तोवर रेडिओ कापसाच्या पिकावर पोचला होता.

सारजाबाईंनी बटण डावीकडं फिरवलं, आवाज बसला; उजवीकडं फिरवलं, तर रेडिओ आणखी पुढं गेलेला. मग कासावीस होऊन म्हणाल्या, "गुरुजी, ह्यो थांबंना की! पोरगी उभी हाय."

मुलगी रडकुंडीला आली. कल्याणप्पांनी एकदा साहेबांकडं पाहिलं. मग बसल्या जागेवरून तोच खणखणीत आवाज लावला, "हां बाळ, बोल. कोणती नदी?"

"गोदावरी," म्हणून ती खाली बसली.

साहेबांनी मान वळवली. "हा आवाज कुणाचा?"

पोरं एका दमात ओरडली, "रेडिओचा!"

बदलीचा हुकूम आठ दिवसांत आला. कल्याणप्पांना फार वाईट वाटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. विद्यालयात रेडिओ रोज वाजू लागला. बटणाला हात लावण्याआधी सारजाबाई पोरांना एवढंच सांगत, "पोरांनो, ह्याला ऐकू येत न्हाय."