भांगेचं रसायन सांगणारे मास्तर

माझ्यावर सौद्यात मात केलेला आमच्या सिंदी रेल्वे गावात एकच माणूस झाला, आणि त्याला साधी वांगीसुद्धा घासाघीस करून घेता येत नव्हती. हायस्कुलात रसायन शिकवणारे आमचे शेजारी, मास्तर. मी कापसाच्या दलालीत निव्वळ जिभेवर वर आलेला. मास्तर भाजीवालीला मागेल तो भाव देऊन वर आभार मानत. त्यांचा सगळा जीव भांग-गांजात. सेवनात नव्हे, सुपारीही खात नसत, त्यातल्या रसायनात. सरकारी गांजाच्या दुकानासमोर सायकल टेकवून ते गिऱ्हाइकांना अडवत. "बाबू, या एका झाडात कितीतरी द्रव्यं असतात. टीएचसी डोकं फिरवते. सीबीडीनं नशा येत नाई, उलट पहिल्याले ते जरा आवरते म्हणतात. पक्कं अजून कोणाले माहीत नाई." गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, मले पहिलंच पाह्यजे!"

ऐंशीच्या आसपासच्या धुळवडीला दुपारी माझ्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी होती. माझी अट एकच, आधी तिचं बी.ए. पुरं होईल, मग लग्न. सकाळी मी भांगेची बर्फी खाल्ली, अर्धा तास काहीच झालं नाही. "बर्फीवाल्यानं गवत भरलं! मले फसवते काय?" म्हणत मी रागानं आणखी दोन वड्या उचलल्या. मास्तर धावत आले. "भाऊ, थांबा! ओढली तं लगेच चढते, खाल्ली तं घंटा-दोन घंटे लागते. यातलं द्रव्य तुपात उतरलेलं आहे." तोवर वड्या पोटात गेल्या होत्या.

दुपारी पुलगावच्या पाहुण्यांनी चैत्रातच लग्न मागितलं. मला त्यांच्या टोपीची शिवण इतकी सुरेख वाटत होती की मी नुसता मान डोलवत बसलो. चहाचा ट्रे घेतलेली मुलगी दारातच थिजली. तेव्हा बैठकीत कोपऱ्यात बसलेले मास्तर उठले.

"हा भाऊंचा होकार नाई, भांगेचा आहे. पोरगी बी.ए. झाल्याबिगर लग्न नाई."

"तुम्ही कोण?"

"शेजारी."

"बरं, एक वर्ष थांबतो."

"दोन."

"दीड?"

"दीड वर्षात परीक्षा होत नाई, साहेब."

पाहुणे हसले आणि कबूल झाले. दुसऱ्या दिवशी मास्तर वही घेऊन हजर. "भाऊ, नेमकी किती वाजता चढली?" मी त्यांना हाकलून दिलं. माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांशी, माझ्या पोरीसाठी हा माणूस बोलला, हे मला सहन होत नव्हतं. निकालाच्या दिवशी मुलगी पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेली, मग माझ्याकडे आली. तो सल अजून आहे.

मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सौद्यात आपण आधी तोंड उघडायचं नाही, ही माझी जन्माची सवय. पुढे राग निवळला, तरी त्या बैठकीचा विषय ते काढतील, मग आपण आभार मानू, म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी तो कधीच काढला नाही.