चढण्याचे पैसे

चंद्रावरचा बर्फ खणून त्याचं पाणी तिथेच विकायचं, असा एका परदेशी कंपनीचा बेत आहे. त्याचा हिशेब आम्ही इथे हैदराबादेत बसून मांडतो. गेले तीन महिने मी तेवढंच करतेय, वीट आलाय. खरी मेख अशी, की त्या पाण्याला स्वतःची किंमतच नाही. पृथ्वीवरून पाणी वर न्यायचा खर्च अफाट, म्हणून तिथलं मोलाचं. साहेब रोज बाकीचे आकडे बदलायला लावतात, पण तो वाहतुकीचा खर्च कमी धरा असं कुणी म्हणत नाही.

परवा नल्लकुंट्याला घरी आले तर इमारतीची मोटर जळालेली, लिफ्टही बंद. खाली टँकर उभा होता. वॉचमनच्या बायकोने माझ्यासाठी दोन बादल्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवल्या होत्या. किती द्यायचे, मी विचारलं.

"पानी के नक्को अम्मा, चढने के देओ," ती म्हणाली. "साठ."

"तीन मजल्यांचे साठ?" सवयीने मी तिला चाळिसावर आणलं.

मग रिकाम्या हातांनी जिना चढताना मी दोनदा दम घ्यायला थांबले.