वरच्या चर्चचं दार

तोरुन पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती शाळेत, भोंग्याच्या सरावाला. आमच्या नॉर्वेतल्या खाडीवर एक भेगाळलेला डोंगर आहे. तो कोसळला तर दहा मिनिटांत लाट गावात येईल. म्हणून भोंगा वाजताच मुलं टेकडीवरच्या चर्चकडे धावतात. तोरुन शेवटी आली, मागे कुणी राहिलं नाही ना ते पाहून.

पुढे ती खाडीत येणाऱ्या पर्यटक जहाजांवरच्या प्रवाशांना गाव दाखवू लागली. यंदा भेग रुंदावली, तशी ती चाळीसजणांना थेट चर्चपाशी घेऊन गेली.

जहाजाचा अधिकारी म्हणाला, “बाई, लोकांना किनाऱ्यावर कॉफी प्यायची होती.”

“वर पिऊ देत. खाली पोहत प्यावी लागेल.”

तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं. आता जहाज लागलं की ती चर्चचं दार उघडून पायरीवर बसते.