‘इन’ नाही, ‘आउटसाइड’

“इन नाही. आउटसाइड.”

सरांनी माझं वाक्य पांढऱ्या फळ्यावर लिहिलं होतं. आय लिव्ह इन सावळझरी. त्यातलं ‘इन’ त्यांनी तळहातानं पुसलं आणि त्या जागी ‘आउटसाइड’ लिहिलं. जागा पुरेना. शब्द दाबून, बारीक अक्षरांत बसवावा लागला.

आर्वीला मोबाइलच्या दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास. त्या दिवशी प्रिपोझिशन चालू होतं. इन, ऑन, अंडर, बिहाइंड. प्रत्येकानं उभं राहून आपण कुठं राहतो ते सांगायचं. मी येताना एसटीत वाक्य घोकलं होतं. ओठ हलताना कुणाला दिसू नयेत म्हणून तोंडाला ओढणी बांधून. बी.कॉम. झालेली मुलगी आणि चार शब्दांसाठी ही तयारी. आमच्या शाळेत इंग्रजीचा तास म्हणजे गाइडमधलं वहीत उतरवणं. ही भाषा तोंडानं बोलायची असते, हे तिथं कुणी सांगितलंच नव्हतं.

वाक्य बरोबर आलं. मी खाली बसणार तेवढ्यात सरांनी मराठीत विचारलं, “सावळझरीत कुठं?”

“विहाराजवळ,” मी म्हटलं.

आमच्याकडे हा प्रश्न पत्त्यासाठी विचारत नाहीत. आडनावावरून नक्की अंदाज आला नाही की विचारतात. विहार म्हटलं की समोरच्याचं समाधान होतं आणि तो विषय बदलतो. सरांनी बदलला नाही. ते हसत म्हणाले, म्हणजे नाल्याच्या अलीकडं, गाव तर नाल्यापलीकडं सुरू होतं ना? आणि त्यांनी तुषारकडे पाहिलं. तुषार आमच्याच गावचा, सरपंचाचा पुतण्या. त्यानं मान हलवली. साक्ष झाली. मग तो तळहात फळ्यावर फिरला.

“प्रिपोझिशन अचूक पाहिजे, बेटा. रिपीट.”

आधी तुषार हसला. मग सगळी खोली हसली. मीपण हसले. घशात काही अडकलं की खोकला येतो, तसं ते आलं. मग मी म्हटलं. आय लिव्ह आउटसाइड सावळझरी. सर म्हणाले, लाउडर. मी मोठ्यानं म्हटलं.

“गुड,” सर म्हणाले. शिवी दिली असती तर निदान शिवी म्हणून तरी सांगता आली असती. त्यांनी शाबासकी दिली.

त्या दिवसापासून माझं नाव आउटसाइड. एसटीत मागच्या सीटवरून हळूच यायचं, मी मान वळवली की सगळे खिडकीबाहेर बघत. मग ते नाव गावात उतरलं. पानठेल्यावरची पोरं, ज्यांना त्या शब्दाचा अर्थही माहीत नव्हता, तीसुद्धा मी दिसले की म्हणायची. अर्थ माहीत नव्हता, पण कुणाला म्हणायचा ते पक्कं माहीत होतं.

एका सकाळी आमच्या भिंतीवर तो शब्द कोळशानं लिहिलेला होता. इंग्रजीत. स्पेलिंगमध्ये एक अक्षर गाळलेलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला ते अक्षरच दिसलं आणि क्षणभर बरं वाटलं. मग भिंतीपासून माझ्या अंथरुणापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. म्हणजे आम्ही झोपलो होतो तेव्हा कुणीतरी इतक्या जवळ येऊन गेलं होतं. आई बादली घेऊन आली. तिला इंग्रजी वाचता येत नाही.

“काय लिवलं वं हे?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, पोरांचा वात्रटपणा. ती घासत राहिली. शब्द गेला, काळा डाग मात्र भिंतभर पसरला.

माझे बाबा गवंडी. तेव्हा ते तुषारच्याच घरी कंपाउंडची भिंत बांधत होते. तुषारचे वडील खुर्ची टाकून समोर बसायचे. एक दिवस चहाचा कप बाबांच्या हातात देऊन ते म्हणाले, “पोरगी इंग्रजी शिकून राह्यली म्हंते. शिकू दे. पर थांबाव कुठं, तेबी शिकवजो.”

बाबांनी हे घरी सांगितलं ते भाकरी मोडता मोडता, हवापाण्याचं बोलावं तसं. पण त्या रात्री त्यांनी दाराची कडी दोनदा लावून पाहिली. मला म्हणाले, क्लास सोडून दे. मी म्हटलं, नाही.

सोडता येत नव्हता. नागपूरच्या एका कंपनीत फोनवर बोलायचं काम होतं. सर नावं पाठवत आणि त्यांनी पाठवलेल्यांनाच कंपनी मुलाखतीला बोलावत असे. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. नोकरी लागली तर ते थांबणार होतं. नाही लागली तर मुलगा पाहून ठेवलेला होता. एवढं साधं होतं. माझं पुढचं सगळं त्या माणसाच्या हातात होतं, ज्या हातानं ‘इन’ पुसलं.

मग मी शिकले. रागानं शिकले. रागानं शिकलेलं विसरत नाही. आईबरोबर कापूस वेचायला गेले की पऱ्हाटीच्या ओळीत इंग्रजी बोलायची. पऱ्हाटी हसत नाही. फोनवर बातम्या ऐकायची, बातमीवाल्याच्या मागोमाग म्हणायची. आधी काळ चुकायचे, मग कमी चुकायचे, मग चुकलं की आपलं आपल्याला कळायला लागलं. क्लासमध्ये वादविवाद व्हायचा तेव्हा समोरचा अडला तरी मी अडत नव्हते. तुषार अजून ‘माय सेल्फ तुषार’वरच होता. सर आता मला सगळ्यात पुढं बसवायचे. खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना सांगायचे, बघा, काय होती आणि काय केली.

त्याच दिवसांतली गोष्ट. क्लास सुटून आम्ही एसटीनं परत येत होतो. आर्वीकडून येताना आधी तुषारचं घर लागतं. रस्त्यालगतच्या शेतात दोन मजल्यांचा नवा बंगला. मग आमची वस्ती. मग नाला. मग गाव. रोज तसंच लागायचं. त्या दिवशी तुषार उतरता उतरता माझ्या सीटपाशी वाकला.

“जातो, आउटसाइड,” तो म्हणाला.

कंडक्टरनं घंटी दिली. एसटी निघाली. तुषार रस्त्याच्या कडेला उभा, लहान होत होत मागं गेला. आणि मी बसल्या जागेवरून गावाकडे चालले होते. तेव्हा दिसलं. याचं घर माझ्या घराहून गावापासून लांब आहे. हा वावरात राहतो, तरी गावात. माझ्या घराच्या ओट्यावरून ग्रामपंचायतीची टाकी दिसते, तरी मी गावाबाहेर. हे प्रिपोझिशन नाही. हे व्याकरणच नाही. व्याकरणाच्या नावाखाली मला माझी जागा दाखवली होती आणि मी ती मोठ्या आवाजात पाठ म्हणून दाखवली होती.

राग होता, पण नुसता राग नव्हता. भीतीही होती. कारण एकदा दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात सरांनी मला बोलावून घेतलं. क्लासची जाहिरात करायची होती, माझा व्हिडिओ काढायचा होता. त्यांनी लिहून आणलेलं इंग्रजी माझ्यासमोर ठेवलं. माझा जन्म गावाबाहेर झाला. मी सगळ्याच्याच बाहेर होते. मला बोलता येत नव्हतं, चारचौघांत वावरता येत नव्हतं. सरांनी मला आत आणलं. शेवटी हात जोडायचे.

मी म्हटलं, सर, हे मी नाही म्हणणार, दुसरं काही म्हणते.

“लोकांना स्टोरी लागते, बेटा,” ते फार मायेनं म्हणाले. मग कागद सारखे करत पुढं म्हणाले, “नागपूरची नावं मी उद्याच पाठवतोय.”

खिडकीतून खाली बसस्टँडसमोरचा चौक दिसत होता. तिथं दोघं जण फ्लेक्स चढवत होते. त्यावर मी. क्लासच्या दाखल्यासाठी म्हणून सरांनी काढलेला माझा फोटो, माणसाहून मोठा. कोपऱ्यात सरांचा फोटो. माझ्या बाजूला लिहिलं होतं, काल आउटसाइड, आज इनसाइड. मला विचारण्याच्या आधीच मी छापून झाले होते.

दुसऱ्या दिवशी खोलीत गोल दिवा लावला. स्टँडवर फोन. मागं सगळा क्लास बसलेला. सरांनी बोट वर केलं.

“आय लिव्ह इन सावळझरी,” मी म्हटलं.

सर म्हणाले, कट. पुन्हा घेऊ.

“आय लिव्ह इन सावळझरी.”

सरांनी फोन खाली केला. घाबरली असशील, पाणी पी, म्हणाले. मी पाणी घेतलं नाही. वळून तुषारकडे पाहिलं, मग सरांकडे. पऱ्हाटीत कितीदा म्हटलेलं वाक्य होतं. सावकाश म्हटलं.

“सर, तुषार्स हाउस इज बियॉन्ड माय हाउस. इट इज फार्दर फ्रॉम द व्हिलेज. ही इज इन. आय ॲम आउटसाइड. प्लीज करेक्ट द ग्रामर.”

कुणी हसलं नाही. सगळ्यांना समजलं. तेवढं इंग्रजी सरांनीच शिकवलं होतं. सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी शांत झाला. त्यांनी दिवा बंद केला, स्वतःच्या हातानं वायर गुंडाळली आणि म्हणाले, तू जाऊ शकतेस. नागपूरला माझं नाव गेलं नाही. तुषारचं गेलं.

फ्लेक्स मात्र तसाच. काढा म्हणून मी दोनदा सांगायला गेले. बोर्ड क्लासचा आहे, असं उत्तर मिळालं. आर्वीत काम निघालं की बाबा त्याच चौकातून जायचे, आईचा बाजार तिथंच. आई ओळखीच्या बायांना बोट करून दाखवायची, माझी पोरगी. एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, तुझ्या फोटोबाजूला काय लिवलं आहे? इतके दिवस मी तो शब्द घरात येऊ दिला नव्हता. त्या दिवशी अर्थ सांगितला.

आई माझ्याकडे बघत राहिली. “म्हंजे आपल्या भिंतीवरबी हेच लिवलं होतं?”

मी मान हलवली. बाबांनी उठून कोपऱ्यातली शिडी बाहेर काढली. क्लास सोड म्हणणारा माझा बाप, त्यानं शिडी दाराला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भरल्या चौकात मी चढले. बाबांनी शिडी धरली. आईच्या विळ्यानं मी माझा फोटो कापला. सरांचा राहू दिला, क्लासचं नाव राहू दिलं, माझा तेवढा घेतला. त्या शब्दावर आडवा विळा फिरवला. खाली माणसं जमली. अडवलं कुणी नाही. सगळ्यांनी फोन वर धरले.

आता चार घरांनी बाबांचं काम बंद केलं आहे. कारण कुणी सांगत नाही, भेटले की नमस्कार मात्र करतात. काल संध्याकाळी नाल्याच्या पुलावर तीन मोटारसायकली येऊन थांबल्या. कुणी उतरलं नाही, कुणी बोललं नाही. गाड्यांचे दिवे आमच्या दारावर लावून ते बसून राहिले. आई चुलीपुढून उठली नाही. बाबांनी दार उघडंच ठेवलं. मी ओट्यावर बसून राहिले, डोळे दिपत होते तरी.

सरांनी नुकसानीची तक्रार केली आहे. उद्या सकाळी ठाण्यात बोलावलं आहे. आज त्यांचा निरोप आला. तिथंच सगळ्यांसमोर माफी माग, त्याचा छोटा व्हिडिओ काढू, विषय संपेल. आणि शेवटी, माफी इंग्रजीत माग, तुझं इंग्रजी छान आहे.

छान आहे, हे खरं. सॉरी हा शब्द मला स्पेलिंगसकट येतो. तो मी उद्या वापरणार नाही. काय होईल मला माहीत नाही. तुषारचे वडील तिथं असतील, सरपंच असतील, आमच्याकडून आम्ही तिघंच असू. मला बोलायला सांगतील. मी उभी राहीन. आधी मराठीत सांगेन, मग इंग्रजीत, लाउडर म्हणाले तर आणखी मोठ्यानं. दोन्ही भाषांत वाक्य एकच आहे.

मी सावळझरीत राहते. गावात.