मागच्या खोलीत जाणारी वायर

आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी लिंबू-मिरची सुचवायला नको. या असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही मी अमावस्या बघून कामं ठरवत नाही. मी एका रुग्णालयाच्या भांडार विभागात काम करते. तिथं वस्तू असते किंवा नसते, मधलं काही नसतं. घरीसुद्धा यादी केल्याशिवाय मी भाजीला बाहेर पडत नाही. तेव्हा हे मी घाबरून लिहीत नाहीये. रागाने लिहितेय.

आईचं घर सोलापुरात, सात रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत आहे. तीन खोल्या, एकामागे एक. भिंती दगडी आणि जाड, वर पत्रा, आणि पत्र्याखाली तिन्ही खोल्यांवरून सलग गेलेला फळ्यांचा माळा. माळ्याचं झाकण मधल्या खोलीत, तिथं शिडी लावूनच वर जाता येतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. आई एकटी राहते. गेल्या उन्हाळ्यात ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिची खाट मागच्या खोलीत, कारण बाथरूम तिथून जवळ. पूर्वी तेच स्वयंपाकघर होतं, आता गॅस मधल्या खोलीत हलवलाय.

मी शहराच्या दुसऱ्या भागात, जुळे सोलापुरात राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. धाकटा भाऊ राजू पुण्यात. तो म्हणायचा, आईला मी नेतो. आई म्हणायची, मला माझ्या घरात राहू द्या. दिवसा एक बाई येतात, प्रश्न रात्रीचा होता. शेवटी राजूने फोनवर अट घातली — "ताई, तिच्या खोलीत कॅमेरा लाव. मला पुण्यात बसून ती दिसली पाहिजे. रविवारी मी येतो. चालू झाला तर ठीक, नाहीतर संध्याकाळी गाडीत घालून घेऊन जातो."

गाडीत घालून! जशी काही गादीच. आई शेजारी बसून ऐकत होती. तिने खाटेची कड घट्ट धरली. ते बघितलं आणि मी यादी करायला बसले.

इंटरनेट घेतलं. राउटर पुढच्या खोलीत बसला, पण दगडी भिंतींमुळे मागे रेंजच जाईना. जोडायला आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, वरनं केबल न्यावी लागंल. पण आमी माळ्यावर चढत न्हाय." म्हटलं, नका चढू, मी चढते. दोन्ही टोकांना जॅक बसवलेली तयार केबल, ड्रिल, वायर आवळायचे प्लास्टिकच्या पट्टीचे टाय, टेप, बॅटरी, तोंडाला बांधायला ओढणी... सगळं शनिवारीच आणून ठेवलं.

रविवारी सकाळी राजू आला. पुढच्या आणि मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, वरच्या फळीला एकेक भोक पाडलं. मी माळ्यावर गेले. पत्रा आधीच तापलेला. धूळ, कबुतरांची पिसं, आणि अण्णांच्या जुन्या अँटेनाची चपटी वायर. ती छपरावरून आत येऊन पुढच्या खोलीत उतरते, अजून तशीच आहे. मी पुढच्या भोकातून केबल वर घेतली, रांगत मागे नेली, जागोजागी वाशांना टायने आवळली आणि मागच्या भोकातून टोक खाली सोडलं. काम चोख. खाली आले, हात धुतले, मागच्या खोलीत गेले.

भोक रिकामं.

"राजू, वायर कुठंय?"

"मला काय विचारतेस? तू होतीस की वर."

मला वाटलं याने चेष्टा केली. त्याला ती सवय आहे. पुन्हा वर चढले. आणि इथं मला पहिल्यांदा समजेनासं झालं. टाय सगळे जागेवर होते. वाशांना घट्ट आवळलेले, बंद. आत केबल नव्हती. ती पुढच्या भोकापाशी पडली होती, टोकाचा जॅक शाबूत. आता ज्यांनी हे टाय वापरलेत त्यांना माहीत असेल — एकदा ओढला की तो सुटत नाही, कापावाच लागतो. आणि आवळलेल्या टायमधून जॅक निघून येणं शक्य नाही. मी तिथंच बसून करून बघितलं. नाही निघत.

उंदीर म्हणाल, तर उंदीर कुरतडतो. सोडवून ठेवत नाही.

खाली येऊन राजूवरच ओरडले. तो म्हणाला, "तुझ्या भांडारातले टाय असतील, फुकटचे."

आतून आई म्हणाली, "राज्या, तुला नुस्तं खाली हुभं ऱ्हाऊन धरायचं हुतं. तेबी हुईना व्हय?"

मग दुसऱ्यांदा तसंच केलं. या वेळी राजूला मागच्या खोलीत स्टुलावर उभं केलं, केबलचं टोक त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही. मी पुढच्या खोलीत येऊन राउटरचं कव्हर काढत होते, तेवढ्यात त्याची हाक आली.

"ताई, ओढू नको की!"

"मी कुठं ओढतेय?"

"अगं, लई जोरात... हात कापतोय माझा! सोड!"

मी वर बघितलं. माझ्या बाजूच्या भोकातून केबल आपोआप खाली येत होती. हळू नाही, झटक्यानेही नाही. एखादा माणूस एका हातामागून दुसरा हात टाकत ओढतो तशी. माझ्यासमोर ती जमिनीवर साठत गेली आणि शेवटी जॅक खाली पडला. राजू धावत आला. त्याच्या तळहातावर लाल वळ उठला होता.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण तो क्षणभरच. कारण केबल जिथं पडली होती ती जागा मी बघितली, आणि माझं डोकं फिरलं.

तिथं आमचा टीव्ही असायचा.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा अण्णांनी स्वतः माळ्यावर चढून ती अँटेनाची वायर पुढच्या खोलीत उतरवली. पुढे अण्णा, त्यांचे गिरणीतले दोस्त, गल्लीतले पुरुष. आई मागे, भाकरी थापत. तिला आवाज यायचा, चित्र दिसायचं नाही. मग आम्ही भावंडं पळत जाऊन तिला टीव्हीतली गोष्ट सांगायचो, आता ती रडतेय, आता तो घर सोडून चाललाय. काम उरकलं की ती मधल्या दारात येऊन उभी राहायची. उभीच. आत येऊन बसली नाही कधी. नंतर अण्णांनी मोठा टीव्ही घेतला, तेव्हा ती म्हणाली, जुना मागं लावून द्या की, वरनं वायर आणली की झालं. अण्णा दोस्तांसमोर हसले. "चुलीपाशी टीव्ही आला तर आमी करपलेल्या भाकरी खायच्या व्हय?" सगळे हसले. मी पोरगी होते, मीही हसले असेन. जुना टीव्ही विकला गेला. वायर मागे कधी गेलीच नाही.

आणि आता ती जात होती, तर ही तऱ्हा!

मी शिडीवर चढले, झाकणात तोंड घातलं आणि ओरडले. काय काय बोलले ते इथं सगळं लिहीत नाही. अण्णा, जिवंतपणी जे केलं ते केलं, आता ती अंथरुणाला खिळलीय, तिचं घर सुटायची वेळ आलीय, तरी तुमचं तेच का — असं बरंच. पत्रा तेवढा तडतडत होता.

राजू पांढरा पडला होता. "ताई, राहू दे. आईची बॅग भरू. हे आपल्याच्यानं व्हायचं नाही." आणि मला त्याच्या आवाजात थोडी सुटकाही ऐकू आली. त्याचाही राग आला.

"मला उठवा," आई आतून म्हणाली.

आम्ही तिला वॉकर दिला. ती भोकाखाली येऊन उभी राहिली. पदर सारखा केला. मला म्हणाली, "वायर घाल वर." मी तिसऱ्यांदा रांगत गेले, टोक खाली सोडलं. राजूने ते धरलं. लगेच केबल ताणली गेली. मी वर होते, माझ्या गुडघ्याशेजारून ती सरकायला लागलेली मी डोळ्यांनी बघितली. दुसरं कुणी नव्हतं माळ्यावर.

फळीखालून आईचा आवाज आला. चढा नाही, रडवा नाही. रोज जेवायला हाक मारावी तसा.

"अवो, सोडा आता. पोरगी दमली हाय. मला दारात यिऊन हुभं ऱ्हायला जमत न्हाय आता. सोडा."

केबल थांबली. आणि सैल पडली.

मी टाय आवळले. खाली आले. कॅमेरा लावला, चालू झाला. राजूने फोनवर आई बघितली, शेजारी खरी आई बघितली, आणि संध्याकाळी एकटाच पुण्याला गेला. जाताना पायऱ्यांवर मला म्हणाला, "हे कुणाला सांगू नको हं." म्हणून इथं लिहितेय.

त्या दिवशी मी आईला विचारलं, "एका शब्दात सोडलं त्यांनी. मग तेव्हाच का नाही गं म्हणालीस?"

ती म्हणाली, "म्हनले न्हवते व्हय? रोज म्हनत हुते."

त्यानंतर तिच्या खोलीत छोटा टीव्ही लावला, त्याच केबलवर चालतो. आता ती संध्याकाळी मला फोन करून सांगते, कोण रडलं, कोण घर सोडून गेलं. पहिल्या दोन खेपांचे रिकामे टाय वाशांना अजून तसेच आहेत, बंद. ते कसे रिकामे झाले हे मला सांगता येत नाही. ज्यांना सांगता येईल त्यांनी जरूर सांगावं.

पण माझा प्रश्न टायचा नाही. आईकडे गेले की मधल्या खोलीत मी माळ्याच्या झाकणाखाली उभी राहते आणि विचारते, तेव्हाच ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

वरून उत्तर येत नाही. वायर मात्र जागची हलत नाही.