शिंपीमामांची गाडी

शिंपीमामांनी गाडीच्या सीटची कव्हरं स्वतः शिवली होती. रोज सकाळी ते पायाखालच्या मॅट झटकायचे, काचा पुसायचे. गाडीत बसणाऱ्याने चपला काढून पिशवीत घ्यायच्या, हा त्यांचा दंडक.

"गाडी कसली, देवघरच आहे रे तुझं!" म्हणत थोरली ताई बसनेच जायची. मामा मनातून खट्टू व्हायचे. ताईला कौतुकच नाही!

परवा भाचीने सांगितलं, "मामा, आई बसने जायची ना, तेव्हापासूनच तिला वाकता येत नव्हतं. चपला काढून द्या, असं कुणाला सांगायची लाज वाटायची तिला."

मामा तडक गाडी घेऊन गेले. "ताई, चल, चपलांसकट बस."

ताई पलंगावरूनच म्हणाली, "आता पाऊलच उचलत नाही रे. तूच बस घटकाभर."

मामा तिच्या पायाशी बसले. इतकी वर्षं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.